गॉर्डन हॉल: परवानगी नसताना मुंबईत काढलेले दहा महिने

माझा भाचा मागच्या वर्षी मिशनच्या कामासाठी केनियाला गेला आणि तिसऱ्या महिन्यात एका रात्री त्याचा फोन आला, मावशी, माझं परमिट अजून झालेलंच नाही, मला कुठे उभं राहून बोलता येत नाही, शिकवता येत नाही, नुसता खोलीत बसून असतो, मग मी आलो तरी कशाला. त्या रात्री मला त्याला धड उत्तर देता आलं नाही. काळजी घे, जेवत जा, एवढंच बोलले आणि फोन ठेवल्यावर झोप लागेना. नंतर आठवडाभर डोक्यात गॉर्डन हॉल, दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत आलेला अमेरिकन मिशनरी, घोळत राहिला, म्हणून त्याचंच प्रकरण सुरुवातीपासून नीट मांडायचं ठरवलं. आम्ही नगरचे, अमेरिकन मराठी मिशनचं नाव लहानपणापासून ऐकत आलो, पण मिशन नगरला आलं 1831 मध्ये. त्याच्या अठरा वर्षं आधी मुंबईत काय झालं होतं ते आमच्याकडेही फारसं कुणाला माहीत नसतं.

आधी माणूस कोण ते सांगते. गॉर्डन हॉलचा जन्म 1784 चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टोलंड गावचा. विल्यम्स कॉलेजातून 1808 ला पास झाला. त्याच कॉलेजात 1806 च्या पावसाळी दुपारी चार-पाच पोरांनी गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून प्रार्थना केली होती आणि परदेशात सुवार्ता न्यायचं ठरवलं होतं. त्या विचाराने पेटलेली जी पोरं पुढे आली त्यातला हा एक. कनेक्टिकटमधल्या वुडबरीच्या मंडळीने त्याला आमचा पाळक हो म्हणून रीतसर बोलावलं होतं, म्हणजे घर, पगार, मान, सगळं समोर वाढून ठेवलेलं. तो नाही म्हणाला. आता गंमत अशी की तेव्हा अमेरिकेतून परदेशी मिशनरी पाठवणारी संस्थाच नव्हती, ती 1810 ला या पोरांच्या आग्रहावरून उभी राहिली, म्हणजे पाठवणारेही नवे आणि जाणारेही नवे. तिकडे कसं राहायचं, काय खायचं, आजारी पडलं तर काय, हे सांगू शकेल असा अनुभवी माणूस त्यांच्यात एकही नाही. हॉलने निघण्याआधी फिलाडेल्फियात थोडंफार वैद्यकीय शिकून घेतलं तेवढीच काय ती तयारी. त्याचा पुढे किती उपयोग झाला ते शेवटी येईल.

6 फेब्रुवारी 1812 ला सेलम गावच्या चर्चमध्ये पाच जणांची दीक्षा झाली. जडसन, न्यूएल, नॉट, राइस आणि हॉल. सगळे पंचविशीच्या आसपासचे. काहींची लग्नं नुकतीच झालेली, न्यूएलची बायको हॅरिएट तर अठरा वर्षांची. दोन जहाजांतून निघाले. पहिलं जहाज 17 जून 1812 ला कलकत्त्याला लागलं आणि दुसऱ्याच दिवशी, 18 जूनला, तिकडे अमेरिकेने ब्रिटनशी युद्ध पुकारलं. ही बातमी समुद्र ओलांडून यायला महिने लागले, पण आली तेव्हा ही पोरं सेवक-बिवक राहिली नाहीत, शत्रूराष्ट्राची माणसं झाली. हॉलचं जहाज तर ऑगस्टमध्ये पोचलं.

कंपनी सरकारला तसंही मिशनरी नको होते. 1806 ला वेल्लोरला शिपायांचं बंड झालं होतं आणि धर्मात ढवळाढवळ होतेय या संशयाने ते पेटलं असं बऱ्याच अधिकाऱ्यांचं मत होतं, त्यामुळे लायसन नसलेला कुणीही उपदेशक दिसला की त्याला परत पाठवा हेच धोरण. या सगळ्यांनाही निघून जायचा हुकूम मिळाला. टीम तिथेच फुटली. जडसन नवरा-बायको आणि राइस बॅप्टिस्ट पंथात गेले, जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. न्यूएल जोडपं मॉरिशसकडे निघालं, वाटेत जहाजावरच मूल झालं आणि गेलं, आणि 30 नोव्हेंबर 1812 ला हॅरिएटही गेली. एकोणीस वर्षांची. एका दिवसाचंही काम तिला करता आलं नाही. तिच्याबद्दल वाचताना मी दर वेळी इथे थांबते, कारण मिशनचा इतिहास सांगताना आपण पटकन पुढच्या वर्षावर उडी मारतो आणि ही पोरगी मागे राहून जाते.

हॉल आणि नॉट दांपत्याला इंग्लंडला धाडायचं ठरलं होतं. तरी त्यांना मुंबईला जाणाऱ्या जहाजाचा पास मिळाला आणि ते निघाले. 11 फेब्रुवारी 1813 ला मुंबईत उतरले तेव्हा हॉल अठ्ठावीस वर्षांचा होता. आणि कंपनीच्या कागदांत तो चकवा देऊन आलेला माणूस होता, हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या घडामोडी या एका शिक्क्यामुळे आहेत.

आता मुंबई म्हणजे तेव्हाची मुंबई. बेटं, किल्ला, बंदर. पुण्यात अजून दुसरा बाजीराव गादीवर होता, म्हणजे समुद्राच्या पलीकडे मुलूख पेशव्यांचा. मुंबईत गव्हर्नर होते सर इव्हान नेपियन, पूर्वी इंग्लंडच्या आरमार खात्याचे सचिव राहिलेले, जुने मुरलेले अधिकारी. माणूस देवभीरू, बायबल सोसायटीबद्दल आस्था असलेला. या पोरांबद्दल त्यांना सहानुभूती होती, पण कलकत्त्याहून हुकूम आला की यांना इंग्लंडला पाठवा. मग नेपियन यांनी काय केलं, तर वेळ काढला. इकडे पत्र, तिकडे खुलासा, जहाज नाही, पुढच्या जहाजाने बघू. असे महिने गेले.

आणि या महिन्यांत हॉलने जे केलं तो माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आहे. त्याने मराठी शिकायला घेतली. शिकवायला माणूस ठेवला आणि रोज बसायला लागला. उद्या कुणी शिपाई येऊन सामान उचला म्हणेल, इंग्लंडला नेऊन सोडतील, मग या भाषेचा आयुष्यात एक दिवस उपयोग नाही, हे माहीत असताना. नॉटही शिकत होता. प्रचार करायला बंदी, शाळा काढायला बंदी, पण बाराखडी गिरवायला कुणाची बंदी नव्हती.

आपल्याला हे सोपं वाटतं कारण मराठी आपल्या तोंडात आहे. त्या काळी साधनं काय होती बघा. बंगालमधल्या सेरामपूरचे मिशनरी विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण 1805 चं आणि कोश 1810 चा, मोडी टायपात छापलेला. त्यांचे पंडित वैजनाथ नागपूरकडचे, त्यामुळे त्यातली मराठी त्या वळणाची आणि मुंबईच्या बाजारातली वेगळी. मोल्सवर्थ साहेबांचा मोठा कोश यायला 1831 उजाडायचं होतं. वर लिपी दोन, पोथी बाळबोधीत म्हणजे देवनागरीत आणि वाण्याची वही मोडीत, म्हणजे एकच शिकून भागत नाही.

आणि भाषेची खोच तर वेगळीच. मी चर्चमध्ये अधूनमधून परदेशी पाहुण्यांना मराठी शिकवलंय त्यामुळे हे मी जवळून पाहिलंय. त्यांच्या इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द असतो, आपल्याकडे त्याला दोन, आम्ही आणि आपण. पाहुणा उभा राहून लोकांना सांगतो, आम्ही पापी आहोत. लोक मान डोलावतात, हो का, तुम्ही आहात का, बरं. त्याला म्हणायचं असतं आपण सगळे पापी आहोत, ऐकणाराही त्यात धरायचाय, पण आपण म्हणायला जीभ वळत नाही, कारण आपण म्हणण्यासाठी आधी समोरच्याला आपल्यात घ्यावं लागतं. हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो आणि माणसाला कळायला वर्ष जातं. तसंच तारण. आमच्या मंडळीत तारण म्हणजे पापातून सुटका, रविवारी दहा वेळा कानावर पडणारा शब्द, पण बाहेर सोनाराच्या पेढीवर तारण म्हणजे दागिना गहाण ठेवलेला. देव म्हणावं तर समोरचा विचारणार, कुठला, खंडोबा की भैरोबा. कुणाही नव्या माणसाला हे शब्द एकेक करून बाजारातच तपासून घ्यावे लागतात, खोलीत बसून होत नाही.

भाच्याला मी नंतर हेच सांगितलं की तू स्वाहिली किती शिकलास ते सांग, परमिटचं नंतर बघू. तो गप्प झाला. इंग्रजीवर भागतंय म्हणाला.

बरं, हॉलने सगळं बरोबरच केलं असं मी म्हणणार नाही. 1813 चा पावसाळा सरल्यावर परत पाठवणी अगदी जवळ आलीय असं दिसायला लागलं तेव्हा हॉल आणि नॉट दोघंही गव्हर्नरला न सांगता गुपचूप एका गलबतातून कोचीनला गेले. विचार असा की तिथून सिलोन गाठू, तिकडे कंपनीचा अंमल नाही, राजाचं थेट सरकार आहे, तिथे आपल्याला राहू देतील. नॉटची बायको रोक्झाना मुंबईतच मागे राहिली. परक्या शहरात, नवरा कुठे गेलाय हे सरकारला सांगायचं नाही अशा अवस्थेत तिने ते दिवस कसे काढले असतील, याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

कोचीनला ते पकडले गेले आणि परत मुंबईला आणले गेले. नेपियन दुखावले, आणि मला विचाराल तर त्यांचं दुखावणं रास्त होतं. इतके महिने या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर यांची बाजू वर कळवली, ही मंडळी सरळ आहेत, निरुपद्रवी आहेत, म्हणून. आणि तीच मंडळी रात्रीत निघून गेली तर कलकत्त्याला तो काय तोंड दाखवणार. हॉलने आपल्या बाजूने लांबलचक खुलासा लिहिला की आम्हाला देवाची आज्ञा वरची आहे, माणसाचा हुकूम त्याच्या आड येत असेल तर आम्ही देवाचं ऐकणार. श्रद्धेच्या जागी ते बरोबर असेल, पण विश्वासाने वागवणाऱ्या माणसाला अंधारात ठेवणं हे वेगळं, आणि तरुण माणूस घाबरला की या दोन गोष्टींची गल्लत करतो. नव्या देशात तुमच्यासाठी शब्द टाकणारा एखादा तरी स्थानिक माणूस असतोच, ऑफिसातला, शेजारचा, कुणीही. त्याला न सांगता केलेली हालचाल सगळ्यात महागात पडते. हॉलला ती जवळजवळ पडलीच.

त्यानंतर मात्र त्याने पळायचा विचार सोडला आणि लिहायला बसला. डिसेंबरात नेपियन यांना त्याने जे शेवटचं निवेदन दिलं त्यात वकिली फारशी नाही. आम्हाला परत पाठवाल तर या लोकांपर्यंत सुवार्ता पोचू न देण्याचा जाब तुम्हाला एक दिवस देवासमोर द्यावा लागेल, आम्ही तुम्ही दोघंही तिथे उभे असू, असा त्याचा रोख. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा बेकायदा परदेशी पोरगा मुंबईच्या गव्हर्नरला हे लिहितोय. जहाज ठरलेलं होतं. पण नेपियन यांनी पाठवणी थांबवली आणि वरून पुढचा निर्णय येईपर्यंत राहा म्हणून सांगितलं. 1813 संपता संपता ही गोष्ट झाली, म्हणजे फेब्रुवारीपासून दहा महिन्यांवर.

फक्त पत्राने झालं असं नाही हेही सांगायला हवं. तिकडे लंडनमध्ये जुलै 1813 मध्ये कंपनीच्या सनदेचा नवा कायदा झाला होता आणि त्यात मिशनऱ्यांना येऊ देण्याची तरतूद घातली होती, एप्रिल 1814 पासून ती लागू व्हायची होती. कंपनीच्या डायरेक्टरांत चार्ल्स ग्रँटसारखे लोक मिशनच्या बाजूचे होते. म्हणजे हॉल मुंबईत बाराखडी घोटत असताना सात समुद्रापलीकडे त्याचं दार उघडत होतं आणि त्याला याची गंधवार्ता नव्हती. नेपियन यांनी काढलेला वेळ इथे कामी आला. दोन महिने आधी जहाज मिळालं असतं तर अमेरिकन मराठी मिशन झालंच नसतं.

1814 च्या सुरुवातीला न्यूएल सिलोनहून येऊन मिळाला, एकटा. पुढच्याच वर्षी नॉटची तब्येत इतकी ढासळली की नवरा-बायको अमेरिकेला परत गेले. ज्या माणसाने दहा महिने हद्दपारीचं सावट सोसलं, कोचीनपर्यंत जाऊन आला, त्याला परवानगी मिळाल्यावर हवेने हरवलं. यात त्याचा काही दोष नाही आणि तो कमी पडला असं कुणी म्हणू नये, पण परत गेलेल्यांची नावं मागे पडतात खरी.

हॉल राहिला. त्याच्याकडे आता परवानगी होती आणि हाताशी दहा महिन्यांची भाषा होती. हीच ती कमाई. रस्त्यात, देवळांजवळ, जत्रांत, लोक भेटतील तिथे तो बोलायला लागला. सहकाऱ्यांनी लिहून ठेवलंय की मराठीत त्याचा हात धरणारा त्यांच्यात दुसरा नव्हता. 1815 पासून मराठी शाळा सुरू झाल्या, 1816 ला बार्डवेल नावाचा सोबती आला आणि छापखाना उभा राहिला, 1817 पासून मराठी पत्रकं आणि शास्त्राचे भाग तिथे छापून निघायला लागले. 1824 ला याच मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. हे भराभर सांगतेय कारण याबद्दल इतरत्र भरपूर लिहिलेलं सापडतं.

जे सांगितलं जात नाही ते असं की माणसं जोडली जात नव्हती. मिशनच्या हिशोबाने पहिला बाप्तिस्मा 1819 ला झाला, तोही हैदराबादकडच्या एका मुस्लिम गृहस्थाचा. सहा वर्षांत एक. आजच्या भाषेत रिपोर्ट पाठवायचा म्हटलं तर काय पाठवणार? इतके लोक भेटले, इतकी पत्रकं वाटली, ऐकून घेतलं आणि निघून गेले. आणि ऐकणाऱ्यांनी का म्हणून त्याचं लगेच मानावं, त्यांचा स्वतःचा धर्म होता, परंपरा होती, वाद घालायची हुशारी होती. हॉलच्या लिखाणात इथल्या देवदेवतांबद्दल जे कडक, काही ठिकाणी तुच्छतेचे शब्द आहेत ते वाचताना मला ख्रिस्ती असूनही टोचतं. तो भाषेत इतका आत शिरला पण लोकांच्या श्रद्धेकडे बघताना बाहेरच उभा राहिला, आपण म्हणायला शिकला तरी पुष्कळदा आम्ही-तुम्हीच राहिलं, हे माझं मत आहे आणि मी ते लपवणार नाही. त्याच्यावर माझं प्रेम आहे म्हणूनच.

घरची बाजूही आहे. 1816 ला त्याने मुंबईतच मार्गारेट लुईस या इंग्लिश बाईशी लग्न केलं. 1818 नंतर पटकी, म्हणजे कॉलरा, मुंबईत आली ती वारंवार येत राहिली, 1821 ला न्यूएल त्यातच गेला, सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत राहत नसे अशी ती पटकी. मुलांच्या तब्येतीपायी 1825 ला मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. हॉलला म्हणणारे होते की तूही जा, पण मराठीत काम करू शकणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, म्हणून तो थांबला. दोन मुलांतला थोरला वाटेत जहाजावरच वारला. धाकट्याचं नाव गॉर्डनच, तो पुढे पाळक झाला. बापाने त्याला पुन्हा कधी बघितलं नाही.

मार्च 1826 मध्ये हॉल दोन ख्रिस्ती पोरांना सोबत घेऊन नाशिकपर्यंत गेला. नाशकात पटकीचा कहर चालला होता. फिलाडेल्फियात शिकलेलं ते थोडंसं वैद्यक इथे उपयोगी पडलं, जवळ होतं नव्हतं ते औषध त्याने वाटलं, पुस्तकं वाटली, आणि परत फिरला. 19 तारखेला संध्याकाळी धोडी दापूर नावाच्या गावाला पोचला आणि देवळाच्या ओसरीत मुक्काम केला. तिथेही आजारी माणसं पडलेली होती. पहाटे त्याला स्वतःलाच पटकीने गाठलं. औषध जवळ फार उरलेलं नव्हतं, जे होतं ते घेतलं, पोटात ठरलं नाही. सोबतच्या पोरांना त्याने सांगितलं की मी यातून वाचणार नाही, आणि जमलेल्या गावकऱ्यांशीही बोलला. 20 मार्चला दुपारच्या सुमाराला गेला. बेचाळीसावं पूर्ण व्हायला एकोणीस दिवस कमी होते. पेटी कुठून मिळणार, पोरांनी त्याला घोंगडीत गुंडाळलं, स्वतः खड्डा खणला आणि पुरलं. मग दोघं मुंबईच्या वाटेला लागली, कारण तिकडे कुणाला काहीच माहीत नव्हतं. मराठी नवा करार त्याच वर्षी पूर्ण छापून झाला, त्यात त्याच्या हाताखालून गेलेली बरीच पानं होती.

भाच्याचं परमिट सातव्या महिन्यात झालं. परवा त्याने फोनवर मला स्वाहिलीत दोन वाक्यं म्हणून दाखवली. विचारलं, याचा अर्थ काय, तर म्हणाला शेजारच्या आजी रोज सकाळी हेच विचारतात, रात्र कशी गेली, आणि आता मला उत्तर देता येतं.